ए ट्यूनिंगमध्ये डूमचा आवाज जड होत नाही, नुसता गढूळ होतोय. तारा, खोली, मिक्स: कुठून सुरुवात करावी?

खानापूरकर_५५

नमस्कार मंडळी. दोन गिटार, एक बेस असे तिघंजण मिळून फ्युनरल डूमच्या (अतिसंथ, जड मेटल) अंगानं जाणारा चार गाण्यांचा अल्बम करतोय. एकेक गाणं बारा ते सोळा मिनिटांचं, टेम्पो मिनिटाला ४२ मात्रा. ड्रम सध्या प्रोग्राम केलेले.

सामान असं आहे: साडेपंचवीस इंची स्केलच्या दोन साध्या गिटार, त्यांवर १०-४६ च्या तारा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात), सगळ्या सात सेमीटोन उतरवून ए वर आणलेल्या (ए-डी-जी-सी-ई-ए). बिग मफ जातीचा फझ (आवाज फाडून जाड करणारं पेडल), गेन पूर्ण. पुढं इंटरफेस आणि लॅपटॉपवर ॲम्प सिम्युलेटर. खोली दहा बाय बारा, वर स्लॅब, उंची दहा फूट. शेजारी पत्र्याची शेड.

एकटी गिटार वाजवली की डोंगराएवढी वाटते. चारही ट्रॅक एकत्र लावले की कॉर्ड कुठला ते कळत नाही, सगळा चिखल. खोलीत लो इतका घुमतो की भिंत हलते, पण तोच मिक्स हेडफोनवर पोकळ. आणि लांब स्वर धरला की मागं एक थरथर येते, ती व्हायब्रॅटोची नाही.

हवाय तो आवाज थेर्गोथॉन, स्केप्टिसिझम, इव्होकन या बँडच्या वळणाचा: छातीवर दगड ठेवल्यासारखा, पण आतला प्रत्येक स्वर ऐकू येणारा. नवीन गिटार घेणं शक्य नाही. तारा, एखादं पेडल, किरकोळ सामान घेऊ शकतो. आधी काय करू?

---

टिळकवाडी_टोन

आधी तारा. बाकी सगळं त्यानंतर.

४६ ची तार साडेपंचवीस इंची स्केलवर ई ला ताणली की तिच्यावर साधारण ७.९ किलोचा ताण असतो. तीच तार ए वर, म्हणजे ५५ हर्ट्झवर उतरवली की ताण ३.५ किलो उरतो. अशी ढिली तार पिकचा मार बसताच वर चढते आणि मग हळूहळू खऱ्या स्वरावर येते. तुमच्या टेम्पोत एक मात्रा १.४३ सेकंदांची आणि चार मात्रांची बार ५.७ सेकंदांची. एवढा वेळ स्वर धरायचा असताना दोन गिटार आणि बेस प्रत्येक जण वेगवेगळ्या वेगानं स्वरावर उतरत असेल तर चिखल होणारच. फझ तो दोष दहापट मोठा करून दाखवतो.

६८ ची तार घातली की ए वर ताण पुन्हा ७.८ किलोच्या आसपास येतो. बॅरिटोनसाठीचा १४-१८-२६-४४-५६-६८ हा संच साडेपंचवीस इंचाला नेमका बसतो. कुणाची गिटार पावणेपंचवीस इंची असेल तर खालची तार ७० किंवा ७२ घ्या. ताण मूळच्याएवढाच राहत असल्यामुळं मानेवर जादा भार येत नाही, फक्त सेटिंग नव्यानं करावं लागतं. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी मानेचा बाक ०.२५ ते ०.३ मिमी ठेवा. ट्रस रॉड (मानेतला बाक बदलणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही, फिरवल्यावर काही तास थांबून परत मोजायचं. बाराव्या फ्रेटवर खालच्या तारेची उंची २.२ ते २.५ मिमी. इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येतो का ते) बघताना बारावा फ्रेट दाबून येणारा स्वर हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागं घ्या. जाड तारेला सॅडल बरंच मागं जातं. कधी स्प्रिंग आड येते, ती कापून अर्धी करता येते.

ट्यून करताना एक सवय लावून घ्या. पिक मारल्याबरोबर ट्यूनर काय दाखवतो ते सोडून द्या. दोन सेकंदांनंतर सुई जिथं स्थिरावते तो स्वर धरा. थ्रॅशवाले आघातावर ट्यून करतात, कारण त्यांचा स्वर तिथंच संपतो. डूममध्ये स्वराचं शेपूटच मुख्य आहे. तिघांनी एकाच ट्यूनरवर आणि प्रत्येक टेकच्या आधी ट्यून करायचं, दर गाण्याला नव्हे. खानापूर भागातल्या पावसाळ्यात हवेच्या ओलीनं मान सरकते, सकाळचं ट्यूनिंग संध्याकाळी टिकत नाही. केसमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसा. गंजलेली जाड तार आधी चमक घालवते आणि मग सूरही.

बेसचं सांगितलं नाहीत. गिटारच्या एक सप्तक खाली म्हणजे २७.५ हर्ट्झ होतो. त्याला १३५ ते १४५ ची तार लागेल. पाच तारी संचातल्या खालच्या चार तारा चार तारी बेसवर चढवणं हा सोपा मार्ग.

आता फझ. गेन पूर्ण ठेवू नका. बिग मफचा टोन सर्किट १ किलोहर्ट्झच्या आसपासचा मधला भाग खाली दाबतो. एकट्यानं ऐकताना हा आवाज प्रचंड वाटतो. ड्रम आणि बेस आले की नाहीसा होतो, कारण गिटार ओळखू येते ती त्याच मधल्या भागामुळं. एका बाजूची मुख्य गिटार रॅट जातीच्या डिस्टॉर्शनवर किंवा सरळ ॲम्पच्या गेनवर घ्या, गेन निम्म्याच्या थोडा पुढं. मफ दुसऱ्या थराला, मुख्य थराच्या ६ ते ८ डेसिबल खाली. जाडी थरांतून येते. एकाच थरात सगळा गेन कोंबला की पिकचा आघात मरतो आणि तारेचा आवाज नुसती फुसफुस होतो.

फझच्या आधी ईक्यू लावून ८० हर्ट्झखालचं ३-४ डेसिबल कमी करून बघा. डिस्टॉर्शनमध्ये शिरणारा लो आटोक्यात ठेवला की बाहेर येणारा लो घट्ट येतो. उलट क्रमानं, म्हणजे आधी फझ आणि मग कापणं, हे तितकं चालत नाही. चिखल एकदा तयार झाला की त्यातून स्वर वेगळा काढता येत नाही.

---

वडगाव_मिक्स

टोनभाऊंनी तारांचं नेमकं सांगितलं. थरथर आणि खोलीचं मी सांगतो.

थरथर बहुतेक मेन्सच्या हमची (घरच्या विजेची गुणगुण) आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. तुमचा ए ५५ चा. दोन्ही फझमध्ये एकत्र शिरले की फरकाएवढे, म्हणजे सेकंदाला पाच ठोके पडतात. रेक्टिफायरमधून येणारा हम १०० हर्ट्झचा असतो, आणि तुमच्या ट्यूनिंगमधली मोकळी जी तार ९८ हर्ट्झची: तिथं सेकंदाला दोन ठोके. म्हणून ए धरताना जलद थरथर आणि जी धरताना संथ लाट येत असेल तर दुसरं काही शोधूच नका.

उपाय या क्रमानं करा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. फरक पडला तर दोष चार्जर किंवा अर्थिंगचा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एलईडी ट्यूब रेकॉर्डिंगपुरत्या बंद. सगळं सामान एकाच बोर्डावरून घ्या, दोन खोल्यांतल्या दोन बोर्डांवरून नको. जुन्या घरांत तीन पिनी सॉकेट असतं पण अर्थच्या भोकामागं वायरच नसते. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांमधला व्होल्टेज मोजून घ्या. एक-दोन व्होल्टपेक्षा बराच जास्त असेल तर अर्थिंग दुरुस्त करणं भाग आहे. हम जातो म्हणून प्लगची अर्थ पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो. करंट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करत असाल तर तो साइन वेव्ह आहे का बघा. स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याची घरघर फझमधून दुप्पट होऊन येते. सिंगल कॉइल पिकअप असेल तर हंबकर (हम मारणारा दुहेरी पिकअप) लावा. तोवर गिटार हातात घेऊन जागेवरच फिरून बघा, एका विशिष्ट दिशेला हम सगळ्यांत कमी असतो. त्या दिशेला तोंड करून वाजवा.

नॉइज गेट (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की बंद करणारं यंत्र) मात्र लावू नका. स्वर विरत जातानाच गेट त्याला कापतो आणि तुमच्या संगीताचा जीवच तिथं आहे. विराम हातानं कापा, शेवटी अर्ध्या सेकंदाचा फेड द्या.

आता खोली. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत अडकणारी पहिली लाट ३४३ भागिले ६.१, म्हणजे ५६ हर्ट्झची. तुमची रुंदी दहा आणि उंचीही दहा, म्हणजे दोन दिशांनी ५६ हर्ट्झ घुमणार, आणि तुमचा ए ५५ चा! भिंत हलते ती यामुळं. गिटारमध्ये तेवढा लो नाहीच, खोली तो स्वतःच्या पदरचा घालते. तो घुमतो म्हणून तुम्ही मिक्समध्ये लो कमी करता आणि हेडफोनवर पोकळ ऐकू येतो. बारा फुटांच्या दिशेला ४७ हर्ट्झ.

भिंतीला गाद्या लावून हे जाणार नाही. ५५ हर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वासहा मीटर, तिच्या पावभागाला दीड मीटर जाडी लागेल. गादी वरचा खणखणाट शोषते, लो तसाच राहतो आणि खोली आणखी गढूळ वाटते. कोपऱ्यांत जमिनीपासून स्लॅबपर्यंत रॉकवूल, ४८ किंवा ६४ घनतेचं, जितकं जाड रचता येईल तितकं. निदान एक फूट. वर सुती कापड ताणून झाका, तंतू उडू देऊ नका, हाताळताना मास्क आणि हातमोजे. एवढ्यानंही ५६ चा उंचवटा पूर्ण जात नाही, पण त्याचं शेपूट आखूड होतं. बसायची जागा बारा फुटांच्या दिशेनं समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर धरा. खोलीच्या बरोबर मध्ये बसू नका. ८० हर्ट्झच्या खालचे निर्णय हेडफोनवरच घ्या आणि एकदा चारचाकीत ऐकून खात्री करा.

शेजारच्या पत्र्याबद्दल: जूनपासून पुढं माइक लावून काही रेकॉर्ड करायचा बेत सोडा. गिटार-बेसचे कोरडे डीआय ट्रॅक (ॲम्प न लावता थेट इंटरफेसमध्ये घेतलेले) आत्ता घ्या, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, शिखर उणे १२ च्या आसपास. पाऊस उघडला की तेच ट्रॅक ॲम्पमधून परत काढून माइकनं घेता येतील.

---

खानापूरकर_५५

दोघांचे आभार. चार्जर काढला की थरथर निम्मी होते, म्हणजे वायरमनला बोलावतोच. ड्रमबद्दल कुणी सांगेल का? ४२ वर सगळं ग्रिडला चिकटवलं की यंत्र वाजवतंय असं वाटतं, आणि सैल सोडलं की कोसळतं.

---

निपाणी_ड्रम्स

४२ चा क्लिक ऐकून वाजवू नका. दोन ठोक्यांमधलं अंतर दीड सेकंदाच्या जवळ, माणसाचा अंदाज त्यात हमखास पुढं पळतो. अतिविलंबित एकतालात तबलजी नुसत्या बारा मात्रा मोजत नाही. प्रत्येक मात्रेचे चार भाग आत चालू असतात आणि भरीचे बोल ती जागा धरून ठेवतात. तसंच करा. क्लिक १६८ चा लावा, पहिल्या ठोक्याला वेगळा आवाज द्या. गिटारवाल्यांनीही तोच ऐकायचा. जमून आलं की ८४ वर उतरा.

प्रोग्राम करताना किक आणि गिटार ग्रिडवर, स्नेअर १० ते २० मिलिसेकंद मागं. हा उशीर कानाला उशीर म्हणून कळत नाही, ओझं म्हणून कळतो. उलटं केलंत, स्नेअर पुढं गेला, की त्याच टेम्पोत घाई वाटते. किकची व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर, १ ते १२७) १०० ते ११८, स्नेअरची १०५ ते १२० मध्ये हलती ठेवा. एवढ्या संथ गतीत प्रत्येक ठोका एकटा उघडा पडतो, त्यामुळं तोच नमुना दोनदा लागोपाठ आला की लगेच कळतं. एका ड्रमचे निदान सहा-आठ वेगळे नमुने आलटूनपालटून वाजवणारी लायब्ररी घ्या.

स्नेअर बारमध्ये एकदाच, तिसऱ्या मात्रेवर ठेवून बघा. म्हणजे दोन स्नेअरमध्ये ५.७ सेकंद मिळतात. रिव्हर्बचा डिके साडेतीन ते चार सेकंद, प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा उशीर) ८० मिलिसेकंद. प्री-डिले नसेल तर काडीचा आघात रिव्हर्बमध्ये बुडतो आणि स्नेअर लांब, अशक्त ऐकू येतो. रिव्हर्बच्या ट्रॅकवर २५० हर्ट्झखालचं आणि ५ किलोहर्ट्झवरचं सगळं कापा. किकला रिव्हर्ब नको, फक्त रूम.

खरे ड्रम घ्यायचे ठरले तर २२ किंवा २४ इंची किक, आतली उशी काढून टाका. वेगवान मेटलमध्ये किक आखूड हवा असतो, इथं त्याला घुमायला वेळ आहे. स्नेअर साडेसहा इंच खोलीचा, कातडं सैल. झांजा मोठ्या आणि पातळ बाजूच्या, हात जरा आवरून. क्रॅशवर सतत मारलं की तिचा पसारा ३ ते ६ किलोहर्ट्झमध्ये बसतो आणि गिटारची धार खातो. रूम माइक लांब ठेवून कंप्रेसरनं ६:१ दाबा, अटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज ३०० च्या पुढं. ठोका जाऊ द्यायचा आणि मागची खोली वर उचलायची.

---

जांबोटी_खर्ज

वरचं सगळं बरोबर आहे, पण माझं मत जरा वेगळं. निम्मा चिखल वाजवण्यातून नाही, लिहिण्यातून येतो. कुठले स्वर किती खाली एकत्र वाजवता ते बघा.

ए आणि त्याचा पंचम ई, ५५ आणि ८२.४. हे दोन डिस्टॉर्शनमधून एकत्र गेले की फरकाचा स्वर तयार होतो, २७.४ हर्ट्झ, म्हणजे खालच्या सप्तकातला ए. षड्ज-पंचम फझमध्ये जड वाटतो तो या कारणानं. खालचा षड्ज फुकटात मिळतो. आता त्याच जागी कोमल गंधार घ्या, ए आणि सी, ५५ आणि ६५.४. फरक दहा हर्ट्झ. तो स्वर नाही, धडधड आहे. तुमचा मायनर कॉर्ड खालच्या तारांवर पूर्ण वाजवला की हेच होतं. खालच्या गिटारला फक्त सा-प, नाहीतर नुसता सा. गंधार दुसऱ्या गिटारला द्या, एक किंवा दोन सप्तकं वर, कमी गेनवर. कॉर्ड तोच राहतो, पण त्यातलं दुःख ऐकू येतं. कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम यांनाही हाच नियम: षड्ज खाली, बोचणारा स्वर वर.

ब्लॅक सॅबथच्या १९७० च्या पहिल्या अल्बमचं पहिलंच रिफ तीन स्वरांचं आहे: सा, वरचा सा, आणि तीव्र मध्यम. एका वेळी एकच स्वर. तेव्हा ट्यूनिंगही खाली उतरवलेलं नव्हतं. सॅबथचा गिटारवाला आयोमी यानं गिटार तीन सेमीटोन उतरवली ती पुढं १९७१ मध्ये, ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’वर. म्हणून ए पर्यंत जायलाच हवं असं मला वाटत नाही. बी वर, ६१.७ हर्ट्झवर थांबलात तर ६२ च्या तारेनं काम भागतं, बेस ३०.९ वर येतो, तुमच्या खोलीच्या ५६ शी टक्कर टळते आणि आवाजातला अंधार तसूभरही कमी होत नाही. बेसला २७.५ देऊन बहुतेक स्पीकरना तो ऐकवताच येत नाही, नुसती हेडरूम (आवाज फुटण्याआधीची मोकळी जागा) खर्च होते. बेल विच या बँडचा ‘मिरर रीपर’ ऐका, २०१७ चा, ८३ मिनिटांचा एकच ट्रॅक. त्यात गिटारच नाही. सहा तारी बेस, ड्रम, आवाज आणि ऑर्गन. वजन खालून येत नाही, वरच्या तारांवरची लांबट सुरावट आणि खालचा ठोका यांच्यामधल्या रिकाम्या जागेतून येतं.

रिकामी जागा तुमच्याकडं आहे का? एक रिफ आठ वेळा असेल तर पाचव्या फेरीत दुसरी गिटार काढून टाका. सातव्यात बेस थांबवा, नुसतं फीडबॅक आणि झांज. आठव्यात सगळे एकदम परत. आवाज एका डेसिबलनंही न वाढवता ती आठवी फेरी अंगावर येते. सोळा मिनिटं सगळ्यांनी सतत वाजवलं तर कानाला तिसऱ्या मिनिटानंतर जडपणा जाणवत नाही, कारण तुलनेला हलकं काही उरत नाही.

ऑर्गनसाठी सिंथ शोधत बसू नका. स्केप्टिसिझमनं १९९५ च्या ‘स्टॉर्मक्रोफ्लीट’वर गिटारइतकंच महत्त्व ऑर्गनला दिलंय, आणि आपल्याकडं घरोघर पेटी आहे. खरज-नर रीडची पेटी घ्या, एकच स्वर आणि त्याचा पंचम धरा, भाता अतिशय संथ चालवा. माइक दीड-दोन फुटांवर, भात्याच्या बाजूला नाही तर त्याची फुसफुस जास्त येते. ४०० हर्ट्झच्या वरचं उतरतं ठेवा आणि पाच सेकंदांचा रिव्हर्ब. एक काळजी घ्या: जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० ला नसतात. आधी ट्यूनरवर तपासा. थोडी चढी किंवा उतरी असेल तर गिटार-बेस पेटीला लावा, रीड घासायला जाऊ नका.

---

वडगाव_मिक्स

खर्जभाऊंच्या बी च्या सूचनेला माझा पाठिंबा, विशेषतः त्या खोलीत. ए वरच राहिलात तरी मिक्स जमेल, वेळ जास्त जाईल.

मिक्सचे आकडे देतो, ते सुरुवात म्हणून धरा. मुख्य दोन गिटार पूर्ण डाव्या-उजव्या. प्रत्येक वेगळी वाजवलेली हवी. एकच ट्रॅक कॉपी करून दोन्हीकडं टाकला तर तो मधोमधच ऐकू येतो. मफचे दोन थर ७० टक्क्यांवर. चारही एकाच क्षणी सुटायला हवेत. या टेम्पोत दोन आघातांत २५-३० मिलिसेकंदांचा फरक पडला की फ्लॅम (एकाऐवजी दोन ठोके) ऐकू येतो. ते ठोके हातानं सरकवा, पण मधल्या शेपटाला ताणू नका.

गिटारवर ६५ हर्ट्झखाली कापा, १२ डेसिबल प्रति सप्तक. ५५ चा मूळ स्वर बराच जातो, जाऊ द्या. त्याची जागा बेसची. २५० ते ३५० मधून २ ते ४ डेसिबल काढा. कुठं ते शोधायला चारही थर चालू ठेवून शोधा, एकटी गिटार ऐकून नाही. ७०० ते १२०० मध्ये दीड-दोन डेसिबल वाढवा. ७ किलोहर्ट्झच्या वर बंद. बिग मफच्या प्रेमात असलेल्यांना ही ७०० ची वाढ कर्कश वाटते, तरी करा. हेडफोनवरचा पोकळपणा तिथंच भरतो.

बेसच्या दोन प्रती करा. एक स्वच्छ: २८ हर्ट्झखाली कापलेली, १५० च्या वर बंद, ८:१ नं घट्ट दाबलेली, मोनो. दुसरी डिस्टॉर्शनमधून, १५० च्या खाली कापलेली. खालच्या ए ला लहान स्पीकरवर कान २७.५ नं ओळखत नाही, १६५ आणि २२० वरच्या हार्मोनिकनं ओळखतो, आणि ते ही दुसरी प्रत देते. दोन्ही प्रतींचं फेज जुळवा: एकीचं पोलॅरिटी उलट करून बघा, ज्या स्थितीत लो जास्त भरतो ती ठेवा.

लीडच्या डिलेला टेम्पो द्या. एक मात्रा १४२९ मिलिसेकंद, फीडबॅक २० टक्के, ३०० च्या खाली कापलेला.

मास्टरिंगला उणे १२ एलयूएफएसच्या (एकूण जोराचं माप) आसपास थांबा, ट्रू पीक उणे १. लिमिटरनं किकवर दोन डेसिबलपेक्षा जास्त दाबायला सुरुवात केली की मागं या. जोरात करण्याच्या नादात शांत आणि जड यांतला फरक पुसला तर वर खर्जभाऊंनी सांगितलेली आठवी फेरी सपाट होते. विनाइलचा विचार असेल तर एका बाजूला २० मिनिटांच्या आसपासच ठेवा आणि १०० हर्ट्झखालचं सगळं मोनो. चार गाण्यांना मग दोन तबकड्या लागतील.

---

अनगोळ_ग्रोल

आवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. डूमच्या ग्रोलमध्ये (गुरगुरत्या गायनात) जोर नको, श्वास लागतो. पोटातून सावकाश हवा सोडायची, गळा मोकळा, जबडा खाली. घशात टोचायला लागलं की त्याच क्षणी थांबायचं, दुखतंय तरी ओढायचं नाही. सलग अर्ध्या तासाहून जास्त टेक नकोत. साधं कोमट पाणी पुरे. लांब धरायचे शब्द आ, ओ, ऊ या स्वरांवर संपतील असे लिहा. ई वर ग्रोल पातळ होतो. एका बारमध्ये एक-दोन शब्द भरपूर झाले. माइक चार ते सहा बोटांवर, मूठ करून जाळी झाकायची नाही, नाहीतर ४०० हर्ट्झचा गोळा येतो. मुख्य ट्रॅकखाली तेच शब्द नुसत्या कुजबुजीत दुसऱ्या ट्रॅकवर घ्या, १० डेसिबल खाली. उच्चार तिथून कळतात.

---

खानापूरकर_५५

एक गिटार बी वर आणि एक ए वर लावून तुलना करतो. १४-६८ चा संच मिळालाय, पण ६८ ची तार नटच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) खाचेत बसत नाही, वरच राहते. आणि ट्यूनरच्या खुंटीच्या भोकातूनही जात नाही. सुताराकडं नेऊ का?

---

टिळकवाडी_टोन

सुताराकडं नको, घरी होतं. ६८ ची तार १.७३ मिमी जाड, खाच १.८ मिमी रुंद हवी. जुन्या जाड वेटोळ्याच्या तारेचा तुकडा घ्या, त्याभोवती ४०० नंबरचा पॉलिश पेपर एकदाच गुंडाळा आणि खाचेत मागंपुढं घासा. उतार खुंट्यांच्या बाजूला ठेवा, तार फ्रेटबोर्डच्या कडेवरच टेकली पाहिजे. उतार उलटा झाला तर तार झणझणते. रुंदी वाढवा, खोली नाही. चार-पाचदा घासलं की तार बसवून तपासा: तिसऱ्या फ्रेटला दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर ०.१ ते ०.२ मिमी फट राहिली पाहिजे. चुकून खोल गेलंच तर खाचेत खायचा सोडा भरून वर फेविक्विकचा एक थेंब टाका, लगेच दगडासारखं घट्ट होतं, मग पुन्हा घासा. हे करताना फ्रेटबोर्डवर चिकटपट्टी लावून ठेवा.

खुंटीसाठी: तार खुंटीच्या पुढं दोन इंच ठेवून आधी पक्कडीनं काटकोनात वाकवा, मगच पुढचा भाग कापा. न वाकवता कापलं तर वेटोळं आतल्या गाभ्यावरून सुटतं आणि तार कायमची मुकी होते. वाकवल्यानंतर बाकाच्या पुढचं बाहेरचं वेटोळं उकलून काढा. उघडा गाभा कुठल्याही खुंटीतून जातो.